टॉवेल वाळत घालायची ट्रेडमिल

मंडळी, आपल्यापैकी किती जणांच्या घरी ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात? आमच्याकडे दहा वर्षं तेच चालू होतं. यंदा बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बायपास झाली आणि डॉक्टरांनी रोज सपाट जागेवर सावकाश चालायला सांगितलं. मे महिन्यात तरसालीत सकाळी नऊनंतर बाहेर कोण चालणार? टॉवेल काढले, बाबा मशीनवर चढले आणि दोनच मिनिटांत पट्टा झटका देऊन थांबला. दांडा हातात होता म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: बंद पडलेल्या मशीनवर आधी धडधाकट माणसानं दहा मिनिटं चालायचं, मगच बाबांनी.

मेकॅनिक आला, लांबूनच म्हणाला, "मोटर गेली, नवीनच घ्या." माझा पुतण्या मकरपुरा जीआयडीसीत एका लेथच्या कारखान्यात काम करतो. त्यानं प्लग काढला आणि पट्टा हातानं ढकलून बघितला. हलेना! खालची फळी कोरडी ठणठणीत होती. पट्टा घासला की मोटर जास्त करंट ओढते आणि बोर्ड स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. असंच चालवत राहिलं तर मात्र बोर्ड खरंच जळतो, आणि तो खर्च मोठा.

औषध साधं निघालं. ट्रेडमिलसाठीचं सिलिकॉन तेल आणलं आणि पट्टा थोडा उचलून फळीवर मधोमध सोडलं. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यानं पट्टा खराब होतो. मोटरवरचं झाकण उघडून धूळ ब्रशनं काढली (काय ती धूळ, हायवे घरात आला होता!). पट्टा डावीकडे सरकत होता, म्हणून मागचा डावा स्क्रू ॲलन कीनं पाव फेरा आवळला. एका वेळी पावच, मग थोडा वेळ चालवून बघायचं.

व्यायामाच्या सायकलचं काम याहून सोपं. कुरकुर बहुधा बेअरिंगची असते. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ 6203. तो सांगितला की दुकानदार तसंच काढून देतो, कंपनीचा सुटा भाग लागत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला की आटे जातात. अशा वेळी लेथवाला गाठावा.

पण सीटखालच्या जोडाला तडा गेला असेल, तर मी तरी वेल्डिंग करून म्हाताऱ्या माणसाला त्यावर बसवणार नाही. ती भंगारात. मोटर आणि बोर्ड दोन्ही गेले असतील तरी हिशोब तोच. त्यापेक्षा जुनी सायकल शोधा. जानेवारीचे संकल्प मार्चपर्यंत स्वस्तात विकायला निघतात! घेण्याआधी मात्र दहा मिनिटं चालवून बघा.

बाबा आता रोज वीस मिनिटं चालतात. तरुणपणी ते जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. परवा म्हणाले, "माळ्यावरचा माझा मुदगल काढ गं. त्याला ना तेल लागतं, ना बेअरिंग." डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली आहे, तेव्हा मुदगल सध्या माळ्यावरच आहे. टॉवेल गॅलरीत गेले आहेत.