पाचशे ग्रॅम

"मी शूटिंग करते" असं सांगितलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "कुठल्या सिरियलमध्ये?" यात विचारणाऱ्याची चूक नाही म्हणा. आमच्या अलिबाग-नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर कुणाचं ना कुणाचं शूटिंग चालूच असतं. मग मी सांगते की पिस्तूल. एअर पिस्तूल, १० मीटर. आणि आपल्या कॉलेजात तरी यावर दुसरा प्रश्न हमखास येतो, "कुठलं मॉडेल? ट्यून केलंय का?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. (शाळा कॉन्व्हेंटची, मराठी आमची 'सेकंड लँग्वेज'. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांच्या, आणि विचारांच्या सापडल्या तर माझ्या.)

माझी पहिली बंदूक बीचवरची. फुगे फोडायची. सहावीत असताना एका संध्याकाळी बाबांनी पैसे दिले आणि मी एकही फुगा फोडला नाही. बंदूकवाला हसत म्हणाला, "बेबी, नळी वाकडी आहे, जरा डावीकडे मार." मी डावीकडे मारलं आणि फुगा फुटला! त्या दिवशी मला वाटलं की नेमबाजी म्हणजे बंदुकीचा दोष ओळखणं. हा गैरसमज जायला नऊ वर्षं आणि आईचे बरेच पैसे लागले.

आपल्या होस्टेलवर हाच गैरसमज इंटरनेटच्या स्पीडने पसरलाय. मेकॅनिकलची पोरं रात्र-रात्र परदेशातले व्हिडिओ बघतात. कुणी घरच्या गॅरेजमध्ये स्प्रिंग बदलतोय, कुणी प्रेसवर रिकामी काडतुसं पुन्हा भरतोय, वजनकाट्यावर दारू मोजतोय. बघायला मस्त वाटतं, कबूल. पण मित्रांनो, एक तर आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, काडतुसं तयार करायला त्यात परवाना लागतो, आणि तो होस्टेलच्या रूम नंबरवर मिळत नाही. दुसरं म्हणजे ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत याचा काडीचा उपयोग नाही. २५ मीटरला पॉइंट टू-टूचं काडतूस वापरतात. त्याची ठिणगीची दारू बुडाच्या कडेत भरलेली असते आणि पिन त्या कडेवरच आपटते. एकदा कड चेपली की काडतूस संपलं, फेकून द्यायचं. आणि १० मीटरला तर काडतूसच नाही. दाबलेली हवा आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा शिशाचा छर्रा. त्याला आम्ही पेलेट म्हणतो.

मग हौस भागवायची कशी? तर पेलेट मोजून! माझ्या एका वर्गमित्राने डब्यातली एकेक पेलेट व्हर्नियरमध्ये धरून ४.४९ आणि ४.५० चे ढीग केले. शिसं इतकं मऊ की व्हर्नियरच्या जबड्यातच पेलेट चेपत होती. मापलेली प्रत्येक पेलेट मापल्यामुळेच बाद! (पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुवा. हे मात्र गंमत म्हणून नाही सांगत.)

आता थोडं गणित. इंजिनियरिंगच्या मासिकात तेवढं चालायला हरकत नाही.

टार्गेटवरचं १० गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं. पेलेट साडेचार मिमीची, आणि रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की १० गुण. पुढे दर ८ मिमीला एकेक गुण कमी. आता हात थरथरला, पण फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत अगदी बरोबर बसलेली आहे. अख्खं पिस्तूल ३ मिमी वर गेलं तर पेलेटही ३ मिमीच वर जाते. तरी दहाच! पण मनगट किंचित मुरगळलं आणि फोरसाइट खाचेत १ मिमी सरकली, तर काय होतं? दोन साइट्समधलं अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर, टार्गेट १० मीटरवर. समरूप त्रिकोण. पेलेट ३१ मिमी बाजूला, म्हणजे थेट ७ गुण. उलट काढलं तर दहा मिळवायला साइट्समधली चूक पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. तीसुद्धा हात अजिबात हलला नाही असं धरून.

म्हणजे आपण घाबरतो थरथरणाऱ्या हाताला, आणि गुण खातं मनगट. आणि मनगट मुरगळतं कधी? ट्रिगर खेचताना. "आत्ता दिसतोय मध्य, आत्ता मार" म्हणून बोट झटका देतं तेव्हा. चांगल्या मॅच पिस्तुलाबरोबर कारखान्यातून एक छोटं टार्गेट येतं. पिस्तूल घट्ट बांधून मारलेले शॉट्स त्यावर असतात आणि ते बहुतेक एकाच भोकात गेलेले असतात. पिस्तूल कधीच दहाच्या बाहेर जात नाही. बाहेर जाते ती मी.

जंजिऱ्याला गेलात तर बघा, कलालबांगडी तोफेपाशी प्रत्येक पर्यटक गाइडला विचारतो, "गोळा किती लांब जायचा?" नेम कसा धरायचे हे विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

इथे कुणीतरी मनू भाकरचं नाव काढणार, मला माहीत आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २५ जुलै २०२१ ला, भर फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, चाळीसहून जास्त शॉट्स घाईघाईत मारावे लागले. ५७५ गुण झाले, फायनलला ५७७ लागत होते. म्हणजे मशीन महत्त्वाचं नाही असं म्हणायची सोयच नाही. तीच मनू २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेऊन आली. आणि त्याच पॅरिसमधला तो तुर्कस्तानचा युसूफ डिकेच, खिशात हात घालून उभा राहिलेला! त्याचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला होता. "बघा, काही गिअर लागत नाही!" अहो, स्पेशल चष्मा नव्हता, पण हातातलं पिस्तूल पक्कं मॅच पिस्तूल होतं, आणि त्यामागे कित्येक वर्षांची प्रॅक्टिस होती. ती फोटोत दिसत नाही.

तर मशीन कसं हवं? बिघडू नये आणि बदलू नये. दर वेळी काल होतं तसंच वागावं. बस्स. त्याच्या पुढचं जे ट्यूनिंग, ते बहुतेक स्वतःच्या मनगटाबद्दल बोलायचं टाळण्यासाठी असतं. मी हे अनुभवाने सांगतेय.

माझं पिस्तूल सेकंडहँड आहे. गेल्या वर्षी प्रॅक्टिसमध्ये माझे गुण ५३८ च्या आसपास अडकले होते. महिना झाला तरी हलेनात. तेव्हा मला कुणीतरी एका गृहस्थांचं नाव सुचवलं, ते म्हणे ट्रिगर लोण्यासारखा करून देतात. आई नागावला पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देते. दोन वीकेंडचं भाडं मी त्या गृहस्थांना दिलं. ट्रिगर खरंच लोण्यासारखा झाला. नुसता विचार केला तरी सुटायचा. होस्टेलवर सगळ्यांनी तो दाबून बघितला, वा वा झाली. माझे गुण दोनाने वाढले, तेवढ्यावर मी खूश.

नियम असा आहे की एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी तपासणी असते. पिस्तूल नळी वर करून धरायचं, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि ते टेबलावरून उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेत, सकाळी आठला, मी टेबलापाशी उभी. पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदाही. टेबलापलीकडच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बेटा, स्क्रू आवळून परत आण."

शेजारच्या मुलीकडून ॲलन की मागितली. हात असे कापत होते की की स्क्रूत बसेना. अंदाजाने आवळला, पुन्हा लाइनीत उभी राहिले, पास झाले. आणि मग आयुष्यात कधी दाबला नव्हता असा ट्रिगर घेऊन सव्वा तासात ६० शॉट्स मारायला गेले. पहिली सिरीज ८१. मग ८४, ८६, ८८, ८९, ९१. एकूण ५१९. आकडे चढत गेलेले बघा, शेवटच्या दहापर्यंत मी त्या ट्रिगरशी नुसती ओळख करून घेत होते. परतीच्या एसटीत वडखळच्या ट्रॅफिकमध्ये आईचा फोन आला, "कसं झालं गं?" मी म्हटलं, ठीक झालं. खोल्यांचे पैसे कशाला दिले होते ते तिने विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. हलका करून मागितला मी, त्यांनी करून दिला. ५०० च्या वर ठेवा हे मी सांगायला हवं होतं आणि घरी आणून स्वतः तपासायला हवं होतं. एवढं शिकून!

आता तपासते. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली भरली की बाटलीसकट ५०० च्या थोडी वर जाते. दोरीने ट्रिगरला अडकवायची, दर आठवड्याला. (वाण्याकडच्या अर्धा किलो साखरेच्या पुडीवर हा प्रयोग करू नका. वाण्यावर अविश्वास नाही, पण नकोच.) आणि एका गोष्टीवर वेळ घालवणं खरंच वसूल होतं, ती म्हणजे लाकडी ग्रिप. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. फोरसाइट खाचेत मधोमध दिसली तर ठीक. दर वेळी डावीकडे दिसली तर ग्रिप हाताला बसत नाहीये. तिथे सुताराकडची लांबी भरा, कानशीने घासा, पुन्हा डोळे मिटा. साइट्स बरोबर पण रोख शेजारच्या टार्गेटवर, तर ग्रिपला हात लावू नका, पाय सरकवा. बाकी सगळं बोटाचं आणि डोळ्याचं काम. नजर फोरसाइटवर, टार्गेट धूसर दिसलं तर दिसू दे. ट्रिगर सरळ मागे, हळू. शॉट सुटल्यावरही हात दोन सेकंद तसाच वर. हे शिकायला पेलेट लागत नाही. रिकामं पिस्तूल आणि कोरी भिंत लागते. मी रोज पाऊण तास करते, फुकट.

भिंत घरी आहे. पण खऱ्या टार्गेटवर मारायला मला पनवेलला जावं लागतं, जाऊन-येऊन पाच तास. पनवेलला शूटिंग आलं ते सुमा शिरूर यांच्यामुळे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली, त्याच वर्षी क्वालालंपूरला आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारले, आणि नंतर पनवेलला अकादमी काढली. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात! पण मुरूड-श्रीवर्धनच्या मुलीला त्याचा काय उपयोग? तिने पहाटेची एसटी पकडायची का? अंजली भागवत, राही सरनोबत, दोघींची सुरुवात एनसीसीतून झाली. म्हणजे कुणीतरी त्यांच्या हातात बंदूक दिली, जवळच, शाळा-कॉलेजात. राहीने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं, आणि एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला.

आपल्या जिमखान्याचा यंदाचा प्रस्ताव मी वाचला. एक भारी पिस्तूल घ्यायचं आणि 'टेक फेस्ट'मध्ये ट्यूनिंगचं वर्कशॉप ठेवायचं. एक पिस्तूल, आणि बघणारे दोनशे! त्याच पैशात तीन-चार साधी देशी एअर पिस्तुलं येतील, आणि साडेचार मिमीच्या मर्यादित ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही. जागा आहे. वर्कशॉपच्या मागचा जुना ड्रॉइंग हॉल, जिथे मोडके ड्राफ्टर पडलेत. मी टेपने मोजला, १४.६ मीटर. टार्गेटच्या बाजूला सलग भिंत आहे, दार फक्त मागच्या बाजूला, म्हणजे मारणाऱ्याच्या पुढून कुणी येण्याची भीती नाही. टार्गेट जमिनीपासून १.४० मीटरवर टांगायचं, पेलेट अडवायला मागे पत्र्याच्या पेट्या, त्या आपल्याच वर्कशॉपमध्ये होतील. आणि नियम पहिल्या दिवसापासून कडक. नळी कायम टार्गेटकडे, मारत नसताना नळीत सेफ्टीची दोरी, पिस्तुलं कुलपात. होस्टेलवर एकही नाही, माझंसुद्धा नाही.

अर्ज दिलाय. सोबत हॉलचं ड्रॉइंग जोडलंय, थर्ड अँगलमध्ये, स्केल १:५०. उत्तर अजून आलेलं नाही. ज्यांना शिकायचंय त्यांनी अर्जाखाली सह्या करायला लायब्ररीच्या काउंटरवर यावं, मी रोज चार ते पाच तिथे असते. मॉडेल कुठलं ते तिथेही सांगणार नाही.