यंत्राच्या कानात आपली नावे

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की दुकानांवरचे फलक, बसच्या पाट्या, जमिनीचे उतारे आणि शाळा एवढी यादी चटकन डोळ्यांसमोर येते. हे सारे प्रश्न मुख्यत्वे अक्षरांचे, म्हणजे डोळ्यांनी वाचायचे आहेत. आता त्यांत एका कानाच्या प्रश्नाची भर पडली आहे, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. मोबाइलपुढे तोंडाने नाव घ्यावे आणि फोन लागावा, ही सोय आता खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. ज्यांना अक्षरओळख नाही, ज्यांची नजर अधू झाली आहे, ज्यांचे हात शेणामातीत आहेत, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची. पण यंत्राला आपली नावे ऐकू आली तरच! 'माने' म्हटल्यावर ते गोंधळणार असेल आणि 'कल्लाप्पा' म्हटल्यावर भलत्यालाच फोन लावणार असेल, तर ज्याला या सोयीची सर्वांत जास्त गरज, तोच तिच्यापासून वंचित राहणार. म्हणून हा प्रश्न शहरी हौसेचा न समजता भाषेच्या हक्काचा समजला पाहिजे.

नाव सांगून फोन जोडून घेणे ही गोष्ट मुळात नवी नाही. दूरध्वनीच्या पहिल्या पर्वात आकडे फिरवण्याची भानगडच नव्हती. एक्स्चेंजमध्ये बसलेल्या माणसाला नाव सांगायचे, तो तारा जोडून देई. पण त्यातही पक्षपाताची शंका होतीच. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अंत्यविधीची व्यवस्था करून देणारा अल्मन स्ट्रॉजर नावाचा एक व्यावसायिक होता. आपल्याकडे येणारे फोन एक्स्चेंजमधून प्रतिस्पर्ध्याकडे वळवले जातात असा त्याला संशय आला आणि त्या रागातून त्याने माणसाविना फोन जोडणारे यंत्र काढले, अशी कथा सांगतात. कथा काहीही असो, त्याला १८९१ साली पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्त येथे त्या पद्धतीचे एक्स्चेंज सुरू झाले. हळूहळू नाव जाऊन आकडे आले. आकड्याला जात नाही, भाषा नाही, उच्चार नाही.

आपल्याकडे हा बदल फार सावकाश आला. कानपूर ते लखनौ थेट डायल करण्याची सोय १९६० साली झाली. खेड्यांना मात्र ट्रंक कॉल लावून ताटकळत बसावे लागे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने ग्रामीण भागासाठी छोटे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत आणि उन्हात ते चालावे असा कटाक्ष होता. असे पहिले १२८ जोडण्यांचे एक्स्चेंज १९८६ साली बसवले गेले ते आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला! देशी परिस्थिती ध्यानात घेऊन देशी यंत्र घडवता येते, याचा हा दाखला आपल्या उंबऱ्यावरचा आहे. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

यंत्र ऐकायला कसे शिकले?

यंत्राला बोलणे ऐकवण्याचा उद्योग तसा जुना. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५२ साली 'ऑड्री' नावाचे यंत्र तयार केले. शून्य ते नऊ हे आकडे तेवढे त्याला कळत, तेही ज्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतले असेल त्याच्याच तोंडून. पुढे चाळीस वर्षांनी, १९९२ साली, ए. टी. अँड टी. कंपनीने लांब पल्ल्याच्या फोनसाठी बोलणे ओळखणारी यंत्रणा देशभर लावली. तिला अवघे पाच पर्याय कळत. फोनचे पैसे कोण भरणार एवढेच काय ते त्यातून ठरे. तेवढ्यासाठीही मोठा खटाटोप करावा लागला, कारण माणसे सांगितलेला एकच शब्द बोलून थांबत नाहीत. आधी 'अं' म्हणतील, मागे 'प्लीज' जोडतील. त्या बोलण्यातून नेमका शब्द वेचून काढणे हीच मुख्य अडचण होती.

त्यानंतर ही कला मोबाइलमध्ये आली. २००० साली आलेला नोकियाचा ३३१० हा फोन अनेकांना आठवत असेल. त्यात आठ नावे आवाजाने लावता येत. मात्र ती नावे मालकाने स्वतः एकदा बोलून ठेवावी लागत. फोन फक्त एवढेच पाही, की आताचा आवाज मघाशी साठवलेल्या आवाजाशी जुळतो की नाही. त्याला इंग्रजी येत नव्हते, मराठी नाही आणि कन्नडही नाही. त्यामुळे त्याला सगळ्या भाषा सारख्या! 'धाकल्या' म्हणून नाव साठवा नाहीतर 'शिवापूरची आत्या' म्हणून साठवा, काम होई.

पुढच्या यंत्रांनी ही कटकट दूर केली. आता आधी बोलून ठेवावे लागत नाही. फोनच्या यादीत जे नाव लिहिले आहे, ते कसे उच्चारले जाईल याचा अंदाज यंत्र स्वतःच बांधते आणि आपला आवाज त्या अंदाजाशी ताडून पाहते. प्रगती झाली यात शंका नाही. पण या प्रगतीतच मेख आहे. जुना फोन आपल्या आवाजावर चाले. नवा फोन दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजावरून आपल्याविषयी अंदाज बांधतो. तो दुसरा कोण, हाच खरा प्रश्न.

'माने' आणि 'मेन'

आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमधील नावे रोमन अक्षरांत लिहिलेली असतात. दुकानदाराने फोन सुरू करून देताना किंवा घरातल्या पोराने घाईघाईत तशीच ती भरलेली असतात. आता 'माने' हे आडनाव रोमन अक्षरांत लिहून इंग्रजीच्या नियमाने वाचा. शेवटचा स्वर गळतो आणि उरतो 'मेन', म्हणजे घोड्याची आयाळ. 'काळे' यांची 'केल' नावाची पालेभाजी होते. 'साने' यांचे 'सेन' होते आणि 'मोरे' यांचे 'मोर'. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मध्यरात्री छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याने 'मोरे डॉक्टरांना फोन लाव' म्हटले आणि यंत्राने 'असे नाव सापडले नाही' असे उत्तर दिले, तर कोण हसेल?

यावर उपाय म्हणून नावे देवनागरीत लिहावीत, हे खरेच. त्याने अर्धे काम होते. रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ' एकाच अक्षरात कोंबले जातात. देवनागरीत ते वेगळे राहतात. पण देवनागरीही सगळे सांगत नाही. 'चव्हाण' मधला च आणि 'चिकोडी' मधला च एकाच अक्षराने लिहितात, पण जीभ दोन्हीकडे वेगळी लागते. 'जाधव' आणि 'जिजाबाई' यांचेही तेच. हा भेद मराठी माणसाला कोणी शिकवत नाही, तो कानाने येतो. यंत्रालाही तो कानानेच, म्हणजे मराठी माणसांचे पुष्कळ बोलणे ऐकूनच येणार. हिंदीवर पोसलेले यंत्र देवनागरी वाचील, पण मराठी ऐकेलच असे नाही.

त्यातही सीमाभागाची गोष्ट आणखी निराळी. आपल्या गावात नाव 'कल्लाप्पा' किंवा 'यल्लाप्पा' आणि आडनाव 'पाटील', असा मेळ घरोघरी आढळतो. मराठी आडनावापुढे कन्नड वळणाचे नाव येते म्हणून आपल्याला काही वावगे वाटत नाही, कारण ही माती दोन्ही भाषांची आहे. यंत्राला मात्र एका वेळी एकच भाषा धरून चालायची सवय लावली असेल, तर ते अर्ध्या नावावर अडखळणार. गावांच्या नावांचेही तसेच. २०१४ पासून सरकारी दप्तरात 'बेळगावी' आहे, इंग्रजी वळणाने कोणी 'बेलगाम' म्हणतो, आपल्या तोंडी 'बेळगाव' आहे. वाद ज्याचा त्याने घालावा. पण यंत्राने तिन्ही उच्चारांना एकाच गावी पोहोचवले पाहिजे. शिवाय ळ हा उच्चार कन्नडचाही आहे. म्हणजे या बाबतीत आपला कानडी शेजारी आपल्याच पंक्तीला बसला आहे.

आणखी एक गोष्ट शहरात बसून यंत्र घडवणाऱ्याच्या ध्यानात यायची नाही. आपल्याकडील जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. हळदीकुंकवाला उखाण्यात घेईल तेवढेच. ती यंत्रालाही 'मारुतीला फोन लाव' असे म्हणणार नाही. 'बाळूच्या बाबांना लाव' म्हणेल. आणि एकाच गावात चार-पाच मारुती पाटील असले, तर 'तळ्याकडचा' की 'वेशीतला' हेही सांगेल. एक्स्चेंजमधल्या माणसाला हे सांगितले की कळत असे. जे यंत्र त्याची जागा घेऊ पाहते, त्याला हे कळले पाहिजे, अशी अपेक्षा धरण्यात गैर काय?

ज्यांचे बोलणे ऐकले, त्यांचेच कळले

हा केवळ तक्रारखोरपणा आहे, यंत्रे आपोआप सुधारतील, असे काहींना वाटेल. त्यांनी अमेरिकेतील एक अभ्यास ध्यानात घ्यावा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आय.बी.एम. आणि मायक्रोसॉफ्ट या पाच बड्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात दर १०० शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या. कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. दोघेही इंग्रजीच बोलत होते! शिकवणीच्या साठ्यात कृष्णवर्णीयांचे बोलणे पुरेसे नसणे हे त्याचे संभाव्य कारण अभ्यासकांनी दाखवले. जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांच्या दारात, त्यांच्याच देशातील नागरिकांची ही गत असेल, तर खानापूर, निपाणी, बिदर किंवा भालकी भागातील मराठी आपोआप शिकली जाईल, या भरवशावर राहणे भाबडेपणाचे ठरेल.

मराठीसाठी काहीच झाले नाही असे मात्र नाही. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत, यासाठी झालेल्या सरकारी प्रकल्पात मुंबईच्या आय.आय.टी.ने मराठीचे काम केले आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे आवाज त्यासाठी गोळा केले. २०१७ साली गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा आणल्या. केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ साली सुरू झाला. या सगळ्याचे स्वागतच आहे. पण मराठी म्हणजे महाराष्ट्र एवढाच हिशेब धरून आवाज गोळा झाले, तर राज्याच्या रेषेबाहेरची मराठी सुटते. नकाशावरची रेघ यंत्राच्या कानातही ओढली जाते, ती अशी.

आपण काय करायचे?

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? फोटोवर बोट ठेवले की फोन लागतो. लागतो, खरे. पण आता प्रश्न एका फोनपुरता राहिलेला नाही. बँका, विमा कंपन्या, वीज मंडळे यांच्या फोनवर 'काय हवे ते बोला' असे सांगणारी यंत्रे येऊ लागली आहेत. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने आपले गाऱ्हाणे राज्यात वा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. उद्या गाऱ्हाणे ऐकायला कारकुनाऐवजी यंत्र बसले आणि त्याला अर्जदाराचे नावच कळले नाही, तर तो हक्क कागदावर शाबूत राहून व्यवहारात मोडीत निघेल.

तेव्हा पहिले काम घरातले. फोनमधील नावे देवनागरीत लिहा आणि आवाजाच्या सोयीसाठी मराठी भाषा निवडा. घरात ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने नोंद करा. 'बाळूचे बाबा' ही नोंदही चालते. दुसरे काम गावाचे. मोझिला संस्थेच्या 'कॉमन व्हॉइस' या उपक्रमात आणि 'भाषिणी'च्या 'भाषादान' योजनेत आवाज देता येतो. समोर आलेले वाक्य वाचायचे आणि दुसऱ्यांनी वाचलेले तपासायचे, एवढेच ते काम. वाचनालये, महिला मंडळे आणि मराठी शाळांनी एक रविवार यासाठी द्यावा. तरुणांबरोबर आजी-आजोबांनाही बसवावे, कारण त्यांचेच बोलणे सर्वांत कमी नोंदले जाते. आपला आवाज कुठे आणि कशासाठी वापरला जाणार, हे आधी वाचून घ्यावे. न विचारता कोणी तो नेत असेल तर देऊ नये.

तिसरे काम संस्थांचे. पतपेढी, दूध संघ, दवाखाना यांपैकी कोणीही बोलके यंत्र विकत घेत असेल, तर पैसे देण्यापूर्वी गावाच्या मतदार यादीतील १०० नावे काढावीत. ती एका म्हाताऱ्या बाईने, एका शेतकऱ्याने आणि एका शाळकरी मुलाने यंत्रापुढे उच्चारावीत. किती कळली ते मोजावे आणि मगच बिलावर सही करावी. कानडी भाषकांची नावेही त्या यादीत असावीत. परीक्षा सगळ्या गावाची आहे.

कित्तूरला धूळ आणि ऊन सोसणारे एक्स्चेंज आले, ते येथली परिस्थिती कोणीतरी हिशेबात धरली म्हणून. आपली बोलीही तशीच हिशेबात धरली गेली पाहिजे, आणि त्यासाठी ती आधी ऐकू गेली पाहिजे. बोलणाऱ्याची बोरे विकली जातात, असे आपण म्हणतो. सीमाभागातील मराठी माणूस गप्प बसणारा म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हता. फलकांसाठी आणि उताऱ्यांसाठी त्याने आवाज चढवला. यंत्रासाठी तो चढवण्याचीही गरज नाही. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या ळ सह, आपले नाव स्पष्ट घेतले की पुरे.