शिजवायचं तिथे, जेवायचं इथे

परवा भाच्याने विचारलं, "मामा, ऑपरेटिंग सिस्टिम आतून शिकायची तर कुठली घेऊ?" मी 'क्यूएनएक्स' म्हणून मोकळा झालो. त्याने नावही ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? गाड्यांच्या डॅशबोर्डमागे बसलेली ही बाई, चेहरा कुणाला दाखवतेय!

माझी तिची ओळख फ्लॉपीवरची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत त्यांनी खिडक्या, ब्राउझर, वर वेब सर्व्हरसुद्धा बसवला होता. पुढे २००० साली घरगुती वापराला ती फुकट मिळाली आणि मी पीसीवर चढवली. तिथेच कोड लिहायचा, तिथेच कंपाइल करायचा, तिथेच चालवायचा.

मायक्रोकर्नल म्हणजे कर्नलकडे मोजकीच कामं. प्रोसेसर कुणाला द्यायचा ते ठरवायचं आणि निरोप पोचवायचे. फाइल सिस्टिम, नेटवर्क, ड्रायव्हर हे सगळे आपल्यासारखेच साधे प्रोग्राम. माझा ड्रायव्हर बिघडला की 'स्ले' म्हणून मारायचा, दुरुस्त करून पुन्हा उठवायचा. लिनक्सवर तीच चूक कर्नलात झाली की बऱ्याचदा अख्खं यंत्र आडवं.

आता गंमत. निरोप पाठवला की उत्तर येईपर्यंत पाठवणारा थांबून राहतो. मी दोन प्रोग्राम लिहिले, दोघांनी एकमेकांना एकदमच निरोप धाडले आणि दोघेही ताटकळले. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'! पिडिनच्या यादीत दोघांपुढे 'सेंड' दिसत होतं, पण ते वाचायला मला एक रविवार लागला. तेव्हापासून निरोप एकाच दिशेने जातील असं आधी कागदावर आखतो.

२००७ साली त्यांनी सोर्स उघडला, २०१० मध्ये ब्लॅकबेरीवाल्यांनी कंपनी घेतल्यावर तो पुन्हा बंद झाला. दुसऱ्या यंत्रावर कंपाइल करून तयार माल नेऊन ठेवायचा, हाच रिवाज पक्का झाला. गाडीसाठी ते ठीकच, गाडीत कोण कोड लिहिणार? पण शिकणाऱ्याचं यात नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. ज्या घरात राहायचं, तिथली चूल पेटवता यायला हवी.

आता अव्यावसायिक परवाना पुन्हा फुकट आहे, रास्पबेरी पाय ४ वर चालते. भाच्याला तो घेऊन दिला. कोड मात्र लॅपटॉपवरच लिहितो बेटा. असो. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन, "मामा, दोन्ही प्रोग्राम गप्प बसलेत!"

मी म्हटलं, "पिडिन चालव. मी चहा ठेवतो."