शिंपला समुद्रातच असतो का, सर?

औसा तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत जा आणि पाचवीच्या वर्गात विचारा, ‘शिंपला कुठे सापडतो?’ उत्तर एका सुरात येतं, ‘समुद्रात!’ समुद्र आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो टीव्हीवरच पाहिलेला. आणि शाळेच्या मागून वाहणाऱ्या ओढ्यात, तावरजेच्या किंवा तेरणेच्या पात्रात शिंपला असतो, निदान असायचा, हे मात्र त्यांना माहीत नाही.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या आजीला विचारलं तर ती लगेच सांगेल. नदीतला मोठा शिंपला दगडावर घासायचा, मधोमध भोक पाडायचं, त्याची कड धारदार झाली की कैरीची साल काढायला तो उत्तम. तान्ह्या बाळाला दूध पाजायलाही शिंपलाच. आज स्टीलचं सोलाणं आलं, प्लास्टिकची बाटली आली, शिंपल्याचं घरातलं काम संपलं. काम संपलं की वस्तू आठवणीतून जाते. पण ओढ्यातून तो का जातोय, हा वेगळा प्रश्न आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

मृदुकाय प्राणी म्हटलं की आपल्याकडच्या पालकांना २०२२चा खरीप आठवतो. त्या वर्षी लातूर, बीड, उस्मानाबादच्या शिवारात शंखी गोगलगायींनी उगवलेलं सोयाबीन फस्त केलं, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. म्हणून आधीच सांगतो, शिंपला हा त्याच संघातला असला तरी तो पिकाला शिवतही नाही. तो पाण्याबाहेर येत नाही, पानं खात नाही. दोन झडपांच्या आत बसलेला हा गरीब प्राणी आपल्या मांसल पायाने वाळूत नाहीतर गाळात अर्धा रुतून राहतो, एका वाटेने पाणी आत घेतो, कल्ल्यांवर शेवाळाचे बारीक कण अडवून खातो आणि दुसऱ्या वाटेने पाणी बाहेर सोडतो. एक मोठा शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी असं गाळून काढतो. वीज नाही, मोटार नाही, ग्रामपंचायतीचा ठराव नाही!

आपल्या भागात लॅमेलिडेन्स नावाचा मोठा, लांबट, पातळ कवचाचा शिंपला आढळतो. दुसरा पॅरेशिया, आकाराने लहान, कवच जाड. मराठवाडा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या संशोधकांनी पैठणच्या गोदावरीतल्या लॅमेलिडेन्सवर पुष्कळ काम केलं आहे. म्हणजे हा आपल्या मातीतला अभ्यासविषय आहे, फक्त तो प्रयोगशाळेतून आपल्या वर्गापर्यंत आलेला नाही. लॅमेलिडेन्स तळ्यात, धरणाच्या साठ्यातही तग धरतो. लहान जाड कवचवाल्यांना मात्र वाहतं पाणी आणि वाळू-खड्यांचा तळ जास्त मानवतो. छोटे ओढे बिघडले की पहिला फटका त्यांनाच.

या प्राण्याची सगळ्यात नवलाची गोष्ट त्याच्या पिल्लांची. मादी हजारो सूक्ष्म पिल्लं पाण्यात सोडते. ही पिल्लं नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी. ती जाऊन माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटतात, काही दिवस, कधी काही आठवडे तिथेच राहतात, मग गळून तळाला पडतात आणि तिथून पुढे त्यांचं स्वतंत्र आयुष्य सुरू होतं. मासा नाही तर शिंपला नाही. त्यातही कुठलाही मासा चालतोच असं नाही, अनेक जातींना ठरावीक मासेच लागतात. म्हणजे बंधाऱ्याने माशाची वाट अडली, किंवा देशी मासे जाऊन सगळीकडे चिलापीच झाला, तर शिंपल्याच्या पुढच्या पिढीचं कसं व्हायचं? मुलांना अन्नसाखळीचे बाण काढायला लावतो आपण, त्यापेक्षा ही एक गोष्ट सांगितली तर जास्त लक्षात राहील.

आता थोडं कडू बोलतो. आपल्या भागात ओढा म्हणजे ‘नाला’ झाला आहे आणि नाल्याचं एकच काम उरलंय, खोली वाढवून घेणे. एप्रिल-मे महिन्यात पोकलेन उतरतं, दोन्ही काठ खरवडले जातात, तळाची वाळू-गाळ उपसून बांधावर टाकली जाते. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते ज्याने पाहिलंय तो खोलीकरणाला नाही म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. शेतात गाळ गेला, विहिरींना पाणी आलं, हे खरं आहे. पण ओढा म्हणजे नुसती पाण्याची टाकी नव्हे, एवढं तरी आपण मान्य करावं.

उन्हाळ्यात वाहणं थांबलं की ओढ्यातला जीव डोहात गोळा होतो. मासे, खेकडे, बेडूक, सगळे तिथेच. शिंपला ओल असलेल्या चिखलात खाली जातो, झडपा घट्ट मिटतो आणि पावसाची वाट बघतो. नेमकं त्याच दिवसांत, त्याच डोहात यंत्राचं बकेट पडतं. पुढे पाऊस चांगला झाला, पाणी तुडुंब भरलं, तरी त्या पाण्यात कोण असणार? वाळू उपसा हा त्याचाच भाऊबंद. वर सोयाबीन आणि तुरीवरच्या फवारण्यांचं, उसाच्या खतांचं पाणी उतरून येतं ते वेगळंच. शिंपला पाणी गाळतो म्हणजे त्यातलं विषही अंगात साठवतो. म्हणून तो सापडला तरी खाऊ नये, हे मुलांना स्पष्ट सांगा.

माझी मागणी फार मोठी नाही. खोलीकरण करताना प्रत्येक ओढ्यावरचे एक-दोन जुने डोह आणि त्यांच्या वरखालचा थोडा पट्टा हात न लावता सोडावा. सगळा ओढा एका वर्षात न उकरता टप्प्याटप्प्याने उकरावा. काठावरची करंजं, उंबरं तोडू नयेत, सावलीने पाणी थंड राहतं. यासाठी जास्त पैसा लागत नाही, मोजमाप घ्यायच्या दिवशी कुणीतरी तिथे उभं राहून ‘साहेब, एवढा डोह राहू द्या’ म्हणावं लागतं. तो माणूस शिक्षक का असू नये?

काही सहकारी म्हणतात, ‘गुरुजी, ऑनलाइन माहिती भरायलाच दिवस पुरत नाही, त्यात शिंपले कुठे मोजता?’ बरोबर आहे. पण परिसर अभ्यास हा विषय आपल्याकडे नावाला तरी आहे. दिवाळीनंतर पाणी उतरलं की एक शनिवार पुरतो. पालकांची परवानगी घ्या, मुलांना पाण्यात उतरवू नका. खोलीकरणाचे खड्डे फसवे असतात, काठापासून दोन पावलांवर पुरुषभर खोल. काठावरचे फक्त रिकामे शिंपले गोळा करायचे, जिवंत दिसला तर जागच्या जागी ठेवायचा. मग वर्गात पट्टी घेऊन लांबी मोजा आणि लहान, मध्यम, मोठा अशा ढिगात लावा.

हे ढीग बोलतात. सगळेच शिंपले मोठे असतील आणि लहान एकही नसेल, तर समजावं की म्हातारे आहेत, पण नवी पिढी येत नाही. शिंपला बरीच वर्षं जगतो. युरोपातल्या मोत्याच्या शिंपल्याची एक जात तर शंभरावर वर्षं जगते. त्यामुळे नदी बिघडली तरी जुने शिंपले दिसत राहतात आणि लोकांना वाटतं, सगळं ठीक आहे. शाळेच्या पटासारखंच आहे हे. सातवीचा वर्ग भरलेला आणि पहिलीत दोनच मुलं, तर त्या शाळेचं पुढे काय होणार ते आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक आज धोक्यात आहेत किंवा संपल्या आहेत, आणि धरणं, उकरलेली पात्रं, घाण पाणी ही त्यामागची मोठी कारणं आहेत. पोलंडची राजधानी वॉर्सा इथे उलटा प्रकार. तिथल्या पाणीपुरवठ्यात आठ शिंपले राखणीला ठेवलेत. त्यांच्या कवचाला संवेदक जोडलेले आहेत, पाण्यात काही घातक आलं की शिंपले झडपा मिटतात आणि यंत्रणेला इशारा मिळतो. ही माहिती सांगितली की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

यंदा आपापल्या गावच्या ओढ्याची अशी एक नोंदवही उघडा. तारीख, जागा, किती लहान, किती मोठे, शेजारी पाणी वाहतंय की साचलंय, एवढंच लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा. आणि खोलीकरणाचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा ती वही मुलांच्या हातून सरपंचांपुढे ठेवा.