पदक चालते, दाखवलेले बोट चालत नाही

'आधी गुणवत्ता सिद्ध करा, मग जात कोण विचारतो?' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. ते ऐकवणाऱ्यांनी अ‍ॅडम गुड्सची कारकीर्द पाहावी.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये गुड्स 1999 ते 2015 या काळात सिडनी स्वान्सकडून 372 सामने खेळला. 2005 आणि 2012 मध्ये संघ अजिंक्य ठरला, तेव्हा तो संघात होता. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्याने दोनदा मिळवले. तो आदिवासी. सरकारने ज्या आदिवासी मुलांना घरातून उचलून नेले, त्या पिढीतली त्याची आई. गुणवत्ता सिद्ध करायची आणखी काय शिल्लक होती?

24 मे 2013 रोजी मेलबर्नमध्ये, आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी ठेवलेल्या फेरीतच, प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला 'वानर' म्हणाले. त्याने त्या दिशेने बोट दाखवले. ओरडणारी 13 वर्षांची मुलगी होती. दुसऱ्याच दिवशी त्याने सांगितले की तिला दोष देऊ नका, तिला आधार द्या. तरीही पुढे 'मोठ्या माणसाने लहान मुलीला लक्ष्य केले' असा बोभाटा झालाच.

2014 मध्ये तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' ठरला आणि वंशद्वेषावर उघड बोलत राहिला. मग त्याच्याकडे चेंडू आला की मैदानभर हुर्यो उडू लागली. मे 2015 मध्ये गोल केल्यावर त्याने आपल्या लोकांचे युद्धनृत्य केले, तर तेही अनेकांना आक्रमक वाटले. हुर्यो उडवणारे म्हणत, 'रंगाचा संबंध नाही, आम्हाला त्याचा खेळ आवडत नाही.'

ही पळवाट आपल्या ओळखीची आहे. मी घरातली पहिली पदवीधर. पहिल्या नोकरीत माझ्या कामाचे कौतुक व्हायचे. एकदा आरक्षणावरच्या विनोदाला मी 'हे जातीवाचक आहे' म्हटले आणि त्या दिवसापासून कामाऐवजी माझ्या 'स्वभावा'ची चर्चा सुरू झाली. जातीचा उल्लेख कुणीच केला नाही. शिवीला शब्द असतात, तिची तक्रार करता येते. हुर्योला शब्द नसतात, म्हणून ती उडवणारा कायम निर्दोष राहतो.

जुलै 2015 च्या अखेरीस गुड्सने एका सामन्यातून रजा घेतली. सप्टेंबरमध्ये तो गाजावाजा न करता निवृत्त झाला. निवृत्त खेळाडूंच्या निरोपाच्या फेरीलाही तो गेला नाही. 2019 मध्ये लीग आणि सर्व 18 क्लबांनी बिनशर्त माफी मागितली. आपण त्याच्या पाठीशी उभे राहिलो नाही, हेही कबूल केले. तोपर्यंत चार वर्षे उलटली होती. पुढे लीगने 'हॉल ऑफ फेम'मध्ये मान देऊ केला, तो त्याने नाकारला.

मला तो नकार योग्य वाटतो. मैदानात एकटे पाडायचे आणि नंतर भिंतीवर फोटो लावायचा, या सौद्याला त्याने संमती दिली नाही. त्याने वेळ दिला तो 2009 मध्ये मायकल ओ'लॉक्लिनबरोबर उभारलेल्या 'गो फाउंडेशन'ला. ती संस्था आदिवासी मुलांना शिष्यवृत्त्या देते.

आपल्यातले अनेक जण आता कार्यालयांत, विद्यापीठांत पोचले आहेत. शेजारच्या टेबलावरच्या कुणी असे बोट दाखवले, तर 'जरा सबुरीने घे' असा सल्ला देऊ नका. त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, त्याच्या बाजूला उभे राहा.