इंजिनाआधी कमान-पाटे

विजयादशमीच्या सायंकाळी छत्रपतींची स्वारी ज्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येते, तिच्या मूळ रचनेतील एक खिळाही कोणी बदलू नये, याविषयी करवीरनगरीत दुमत होणार नाही. कारण ती मोटार म्हणजे संस्थानी वैभवाचा चालता दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजात खाडाखोड करण्याचा अधिकार कोणालाच नसतो. परंतु हाच न्याय सरसकट सर्व जुन्या मोटारींना लावण्याची जी वृत्ती अलीकडे रसिकांत आणि सरकारदरबारी सारखीच बळावली आहे, ती मात्र मला मान्य नाही. मंद गतीने मिरवणारे वाहन वेगळे, आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठणारी, समोरून उसाची ट्रॉली आणि पाठीशी एसटी अशा कोंडीतून वाट काढणारी कॉन्टेसा वेगळी.

अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात त्या गाड्या आपल्याकडे फारशा कोणाच्या नशिबी आल्या नाहीत. तेव्हा दुधाची तहान ताकावर भागवावी तशी ती हौस आपण कॉन्टेसावर भागवली. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये ती बाजारात आणली तेव्हा अंगकाठी विलायतेच्या व्हॉक्सहॉलची आणि इंजिन मात्र अ‍ॅम्बॅसडरचेच, १४८९ घनसेंटीमीटरचे, असा तो विजोड संसार होता. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर तिच्या रुबाबाला थोडे बळ लाभले, आणि २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज जो तो हौशी मनुष्य ही गाडी हाती येताच प्रथम तिच्या इंजिनाचा विचार करतो, आणि माझी तक्रार नेमकी या क्रमाविषयी आहे.

उद्यमनगरातील एका गॅरेजात अशीच एक काळीभोर कॉन्टेसा उचलून ठेवलेली होती, आणि तिच्यात मोठे जपानी इंजिन बसवण्याची मसलत चालली होती. मिस्त्रींनी काही न बोलता पुढच्या चाकामागील खालच्या आर्मच्या सांध्यात टॉमी घातली आणि किंचित जोर दिला, तोच आर्म करंगळीच्या रुंदीइतका बाजूला सरकला व बुशाचे रबर काळी भुकटी होऊन फरशीवर सांडले. “मालक, इंजनाचं मागनं बघू,” ते म्हणाले, “पयलं ह्ये बघा. चाकच जाग्यावर न्हाई, तर पळवताय कशाला?” या एका वाक्यात जे शास्त्र आहे, ते पुष्कळशा सुशिक्षित मालकांना पटत नाही. स्प्रिंग खड्ड्याचा आघात पोटात घेते खरी, पण तो पचवण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे असते. म्हणून झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट बदलल्यावाचून, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये दम आहे की नाही हे पाहिल्यावाचून, नुसत्या ताठ स्प्रिंगा घालणाऱ्याची गाडी वळणावर उसळत जाते आणि रस्त्यावरची पकड ऐन वेळी सोडते.

जीपच्या बाबतीत तर अनर्थ याहून मोठा. विलिसच्या वंशातील महिंद्र जीप मुळातच आखूड आणि उंच; दोन्ही आस अखंड, चारही चाकांवर कमान-पाटे, दोन आसांतील अंतर ८० इंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर जेमतेम चार फूट. अशा गाडीला आणखी पाटे चढवून, लांब शॅकल लावून आणि ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घालून उंच केले, की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर आतल्या चाकांवरचा भार त्याच मानाने हलका होतो, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडल्यामुळे प्रत्येक खड्ड्यागणिक गाडी आपल्या मनाने दिशा बदलू पाहते. याला सुधारणा म्हणणे म्हणजे भाषेवर जुलूम आहे.

अमेरिकेतही प्रारंभी हाच क्रम उलटा झाला होता. १९६४ च्या पाँटियाक जीटीओमध्ये ६.४ लिटरचे अजस्र इंजिन होते आणि चारही चाकांना ब्रेक मात्र ड्रमचे. सरळ रस्त्यावर ती गाडी सुसाट, पण वळण आले की चालकाची परीक्षा. पुढच्याच वर्षी कॅरोल शेल्बी यांनी फोर्ड मस्टँगची जी जीटी ३५० आवृत्ती काढली, तिच्यात इंजिनाची ताकद वाढवतानाच पुढच्या वरच्या आर्मची जागा केवळ एक इंच खाली आणली. त्यासाठी पत्र्याला नवी भोके पाडण्यापलीकडे विशेष कारागिरी लागली नाही. परंतु त्या एका इंचाने भूमितीच पालटली. शरीर बाहेर झुकले तरी बाहेरच्या चाकाचा माथा आत कलता राहू लागला, आणि टायरचा तळ रस्त्याला सपाट भिडला. जोडीला जाड अँटी-रोल बार आणि कोनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. हाच इंच कोणी उद्या डोळे मिटून कॉन्टेसाला लावील, म्हणून सांगून ठेवतो की प्रत्येक गाडीची भूमिती निराळी असते आणि तो हिशेब कागदावर आधी मांडावा लागतो.

तो मांडण्याची आणि धातूत उतरवण्याची ऐपत या करवीरनगरीला निश्चित आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा इथेच घडवला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आज मोटार-कारखान्यांसाठी सुटे भाग ओततात. अशा गावाला एक बुश खरादणे अवघड नाही. अवघड आहे ते कायद्याचे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच गोष्ट बजावली आहे, आणि मालकाने बेकायदा केलेल्या प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तरीही नोंदणी-पुस्तकात स्प्रिंगच्या ताठरपणाचा रकाना नसतो; त्यामुळे चांगली सुधारणा आणि वाईट उचापत या दोहोंना एकाच संशयाखाली वावरावे लागते. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची सोय केली, पण त्या गाड्या प्रदर्शनात आणि रॅलीतच चालवायच्या, नित्य वापरात नव्हे. शिवाय पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही त्या पंक्तीत बसण्यासाठी २०३४ उजाडावे लागेल.

यावर तजवीज सोपी आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने चार-दोन लोकप्रिय जुन्या गाड्यांसाठी सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्या सुधारित जोडण्या तपासून मंजूर कराव्यात, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होते तेव्हा आरटीओने गाडीखाली डोकावून तशी नोंद पुस्तकात करावी. उंची वाढवलेल्या जीपवर मात्र खुशाल दंड करावा, तिथे माझी कसलीच रदबदली नाही. व्हिंटेज नोंदणीचे २०,००० रुपये मोजायला तयार असलेला हौशी मनुष्य या तपासणीचे शुल्कही मुकाट्याने भरील. आणि ज्याला ते भरावयाचे नसेल, त्याने घाटाचा नाद सोडून आपली गाडी रंकाळ्याभोवती फिरवावी.