धाप लागली? आधी श्वास सोडा!

मैत्रिणींनो, आमच्या सासूबाईंचा उभा जन्म चुलीपुढे गेला. विडी-तंबाखूला कधी हात लावला नाही. तरी साठी उलटली आणि जिना चढताना धाप लागू लागली. "वय झालं गं आता," असं म्हणत त्यांनी आधी देऊळ सोडलं, मग हळदीकुंकू. शेवटी डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासलं, तेव्हा कळलं की हे वय नव्हे, फुप्फुसाचा जुनाट आजार आहे. डॉक्टर त्याला 'सीओपीडी' म्हणतात. वर्षानुवर्षं लाकडं-गोवऱ्यांचा धूर छातीत गेला, की विडी न ओढणाऱ्या बाईलाही तो होऊ शकतो.

या आजारात श्वासनळ्या अरुंद होतात. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, कोंडून राहते. मग नवी हवा शिरणार कुठून? भरल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखंच ते! म्हणून घाबरून भराभर श्वास घेतला तर धाप उलट वाढते. खरी युक्ती आहे ती श्वास सोडण्यात.

ओठांचा चंबू : खांदे सैल सोडा. तोंड मिटून नाकाने, मनात एक-दोन म्हणत श्वास घ्या. मग गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून एक-दोन-तीन-चार म्हणत सावकाश सोडा. जोराने फुंकू नका, श्वास कोंडूनही धरू नका. चंबूमुळे आत थोडा दाब राहतो, नळ्या मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा बाहेर पडते.

बसायचं कसं : धाप लागली की आडवं पडू नये. खुर्चीवर बसून थोडं पुढे झुकावं आणि कोपरं मांड्यांवर टेकवावीत. उभ्या असाल तर ओट्यावर हात टेकवून झुका.

कामं करताना : जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा. बादली उचलताना, वाकताना चंबू करून सोडा. जिन्यावर थांबून श्वास घ्या आणि सोडत सोडत दोन पायऱ्या चढा. भाजी बसून चिरा, कणीक बसून मळा. त्यात कसला आलाय कमीपणा?

हा सराव बरं वाटत असताना रोज दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं करावा. सवय असली तरच ऐन वेळी आठवतं, बरं का!

मात्र यानं आजार जात नाही, धाप आटोक्यात राहते. डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नका. त्याची 'सवय लागते' हा गैरसमज आहे. बसूनही धाप थांबेना, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ-नखं निळसर दिसू लागली किंवा माणूस गुंगीत जाऊ लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि घरात अजून चूल असेल, तर धूर बाहेर जाईल अशी सोय आधी करा.

सासूबाई आता देवळाच्या सोळा पायऱ्या चढतात. मध्ये तीनदा थांबतात, पण चढतात! तुमच्याही घरात कुणी "वय झालं" म्हणून कोपऱ्यात बसलं असेल, तर त्यांना एकदा तपासून आणा.